सगळ्यांना बसतो म्हणे!

डायव्हिंगचा राखीव सिलिंडर पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरला अडकवायचा ब्रॅकेट घेताना विकणाऱ्याला आधी विचारा, हा किती मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरसाठी आहे? उत्तर ‘सगळ्यांना बसतो’ असं आलं तर फोन ठेवून द्या. मी हेच विचारलं होतं, माझ्या सिलिंडरचं मापही सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला, “सर, टेन्शनच घेऊ नका.” आणि वर हसत, “पण भोकरदनला कसलं डायव्हिंग करता?”

विहिरीत करतो. आमच्याकडे मोटारीचा दोर तुटतो, मोटार तळाला जाते, गाळात रुतते आणि ऐन पाणी द्यायच्या वेळी शेतकऱ्याचा फोन येतो. गळ टाकून निघाली तर ठीक, नाही तर मी उतरतो. शिकलो तारकर्लीला. तिथं जोडीदाराशिवाय पाण्यात जायचं नाही हे पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात आणि ते बरोबरच आहे. पण पाइप, केबल, दोर लोंबणाऱ्या विहिरीत दोघे उतरले तर एकमेकांतच गुंततील. म्हणून माझा एक माणूस काठावर दोर धरून असतो आणि खाली जोडीदाराच्या जागी स्वतंत्र रेग्युलेटरचा लहान सिलिंडर.

तो केवढा असावा, याचा हिशेब शांत माणसाच्या श्वासावर करू नका. १.९ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला तर साधारण ३८० लिटर हवा होते. पन्नास फूट, म्हणजे १५ मीटर पाण्याखाली दाब जवळपास अडीचपट. घाबरलेला माणूस वर मिनिटाला ४० लिटर ओढत असेल तर तिथं १०० लिटर ओढतो. हातात चार मिनिटंही नाहीत. त्यातच गुंता सोडवायचा आणि वरही यायचं. सिलिंडर धरणारा ब्रॅकेट म्हणून महत्त्वाचा. तो नुसता शोभेचा लोखंडी तुकडा नाही, हे त्या विक्रेत्याला आजही पटलेलं नाही.

माझा मोठा सिलिंडर पोलादी, १२ लिटरचा, १७१ मिलिमीटर व्यासाचा. ब्रॅकेटचे पट्टे निघाले १८४ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरचे. फट राहते म्हटल्यावर त्यानं रबराची पट्टी पाठवली. घरी कोरड्यात घट्ट बसली. विहिरीच्या तळाशी शेवाळ आणि गाळ लागल्यावर तीच पट्टी घसरली आणि लहान सिलिंडर पाठीवर फिरून आडवा झाला. मला ते कळलंच नाही. वर यायला लागलो तेव्हा कुणीतरी मागून धरल्यासारखं झालं. पुन्हा जोर केला, पुन्हा तेच. गाळानं पाणी काळं झालेलं, हात पाठीमागे पोचेना. बोटं कशीबशी लागली तेव्हा समजलं, मोटारीची केबल दोन सिलिंडरांच्या मध्ये शिरून ब्रॅकेटच्या स्क्रूला अडकलीय. ज्याच्या भरवशावर उतरलो होतो, त्यानंच मला खाली धरून ठेवलं होतं.

झटक्यात सुटणारी म्हणून ब्रॅकेटच्या ज्या पिनचे जादा पैसे घेतले, ती हलेना. विक्रेता त्याच्या व्हिडिओत ती एका बोटानं ओढून दाखवतो, पण तिथं सिलिंडर टेबलावर ठेवलेला आहे. केबलचा आडवा ताण आला की पिन भोकात आवळते. शेवटी रेग्युलेटर दातात धरून जॅकेटचे बक्कल सोडले, सगळा संच पुढे घेतला, केबल काढली. वरून आवाज येत होता म्हणे, “भाऊ, ओढू का?” ओढलं असतं तर केबल आणखी आवळली असती.

नंतर विक्रेत्याला मापाचे फोटो पाठवले. आधी म्हणाला तुमचा सिलिंडरच वेगळा, मग म्हणाला हा विहिरीसाठी नसतोच, मग वापरलेला माल परत घेत नाही. शेवटी जाड रबर देतो म्हणाला, पैसे वेगळे!

तेव्हा मोजा. नेहमीचा ११ लिटरचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर १८४ मिलिमीटरचा, १२ लिटरचे पोलादी १७१ किंवा २०३ चे आणि १३ घनफुटांचा लहान १११ च्या आसपास. ब्रॅकेटवर दोन्ही बाजूंची मापं लिहिलेली हवीत. एक पट्टा फिरतो, दोन घ्या. पिन ओल्या हातमोज्यानं, सिलिंडरला आडवा ताण देऊन ओढून बघा. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३१६ चं स्टेनलेस, असं कुणी सांगितलं तर हसा. ३०४ लाही तो सहसा चिकटत नाही आणि खाऱ्या पाण्यात ते लवकर डागाळतं. पक्कं बिल घ्या. सिलिंडरवर नागपूरच्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता आहे का, तेही बघा.

पण विहिरीत, धरणात, जिथं केबल आणि दोर आहेत तिथं माझं मत विचाराल तर पाठीवरचा ब्रॅकेट नकोच. लहान सिलिंडर डाव्या कुशीला घ्या, एक हूक छातीच्या कडीला, दुसरा कमरेच्या. गेज दिसतो, व्हॉल्व्हला हात पोचतो, अडकला तर दोन हूक काढून सोडून देता येतो. त्याचा रेग्युलेटर रबरी दोरीनं गळ्यात ठेवा, रंग वेगळा हवा. उतरण्याआधी मोटारीचा स्टार्टर बंद करून भागत नाही, फ्यूज काढून काठावरच्या माणसाच्या खिशात द्या. चाकू असू द्या. डायव्हिंगचे समुद्रासाठीचे तक्ते इथं जसेच्या तसे वापरू नका, आपण समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या वर आहोत आणि उंचीवरच्या पाण्याचे नियम ३०० मीटरपासूनच लागू होतात. घाई करू नका वगैरे तुम्हाला माहीत आहेच. हवा मात्र श्वासासाठीच्या कॉम्प्रेसरवरच भरा, पंक्चरवाल्याच्या नव्हे.

शेजारी डिझेल इंजिन चालू असेल तर पाण्याबाहेर डोकं आलं म्हणून लगेच रेग्युलेटर काढू नका. धूर विहिरीत साचतो. मोठा सिलिंडर संपला असेल तर लहान्यातली हवा घेत शिडी चढा, काठावर आल्यावरच काढा.