उमेदवारी : कमीपणा कीं पाया?

उमेदवारी हा शब्द आपल्या घरांत जुनाच आहे. त्यास मान मात्र नव्हता. मुलगा नापास झाला म्हणजे "आतां लावा त्याला कुठें तरी उमेदवारीला," असें वडील माणसें म्हणत. मग तो दोन वर्षें झाडलोट करी, चहा आणून देई, आणि हातीं ना पैसा येई ना दाखला. आईबापांस ह्या वाटेचें भय वाटलें, तर त्यांस दोष कसा द्यावा?

परंतु आज कायद्यानें घालून दिलेली उमेदवारी ती नव्हे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें करार आवश्यक केला. मुलगा अज्ञान असल्यास पालकानें तो करावयाचा असतो. 2019 सालीं किमान विद्यावेतन ठरलें : दहावी झालेल्यास दरमहा 6,000, बारावी झालेल्यास 7,000, पदविकाधारकास 8,000 व पदवीधरास 9,000 रुपये. तीस किंवा अधिक माणसें कामास असणाऱ्या आस्थापनेस उमेदवार घेणें बंधनकारक झालें.

आमच्या वसई-विरार भागांत हा विचार निकडीचा आहे. पूर्वेस वाळीव, सातिवली, गोखिवरे येथें कारखाने आहेत. तरी कित्येक तरुण पहाटेची गाडी धरून मुंबईंत कचेरीचेंच काम शोधीत फिरतात. त्याच पश्चिम रेल्वेच्या लोअर परळ येथील कारखान्यांत उमेदवार शिकविले जातात, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

तथापि भोळेपणाही नको. कायदा उमेदवारास कामगार नव्हे, तर शिकणारा मानितो. करारांत तसें लिहिलें नसल्यास, मुदत संपल्यावर नोकरी देण्यास मालक बांधलेला नाहीं. म्हणून सहीपूर्वीं पाहावें : कोणता धंदा शिकविणार? मुदत किती? विद्यावेतन किती? शेवटीं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार कीं नाहीं? शिकतांना कामावर दुखापत झाल्यास भरपाई देणें मालकाचें कर्तव्य आहे, हेंही विसरूं नये.

कोणी म्हणेल, "शिकलेल्या मुलानें हात काळे करावे काय?" आमचा वाडीवाला केळीची लागवड वडिलांच्या मागें चिखलांत उभा राहून शिकला, अर्नाळ्याचा कोळी होडींत बसून वारा ओळखावयास शिकला. त्यांस आपण अडाणी म्हणत नाहीं. मग लेथवर काम शिकणाऱ्या मुलास कां कमी लेखावें? सोयरीक जुळवितांना मुलगा किती शिकला हें आपण विचारतों. त्यास काय करितां येतें, हेंही विचारूं लागूं या.