ताणाची डोकेदुखी : दुकानची गोळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी



गळीत हंगाम सुरू झाला की गटकार्यालयात एकच विचारणा असते. तोड कधी? टोळी कोणाच्या फडात आहे? वाहन का आले नाही? त्यात रात्रीच्या लाईटीवर पाणी धरायचे, सोसायटीचे व्याज भरायचे आणि घरात कार्य काढलेले. असे आठ-दहा दिवस गेले की माणूस म्हणतो, "साहेब, डोकं कसं आवळून बांधल्यासारखं झालंय." आणि खिशातून गोळी निघते. म्हणून या वेळी उसाऐवजी ऊस पिकवणाऱ्याच्या डोक्याचा विचार करू. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, डॉक्टर नव्हे. औषध लिहून देणे आमचे काम नाही. पण गोळी कुठवर चालते आणि डॉक्टरांची चिठ्ठी कधी लागते, एवढे प्रत्येक सभासदाला ठाऊक असावे.

२०२१-२२ चा हंगाम सर्वांना आठवत असेल. मराठवाड्यात ऊस उदंड झाला आणि मे-जून उजाडला तरी फड उभेच होते. त्या उन्हाळ्यात अंबड-घनसावंगीकडे ज्याला भेटावे तो कपाळ चोळताना दिसे. ते नाटक नव्हते. काळजीने डोके खरेच दुखते.

ओळखावी कशी?

ताणाची डोकेदुखी सर्व डोकेदुख्यांत जास्त आढळणारी आहे. ती दोन्ही बाजूंना असते. कपाळाभोवती फेटा घट्ट आवळल्यासारखे वाटते. मान व खांदे भरून येतात. दुखणे सौम्य ते मध्यम असते, चालण्याफिरण्याने वाढत नाही आणि सहसा उलटी होत नाही. ते अर्ध्या तासात थांबते किंवा आठवडाभरही रेंगाळते. अर्धशिशी निराळी. तिच्यात बहुधा एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड सहन होत नाही. दोन्हींचे औषध वेगळे, म्हणून हा फरक डॉक्टरांना नीट सांगावा.

यात मानेच्या व डोक्याच्या स्नायूंचाही वाटा असतो. दुखणे वारंवार होऊ लागले की मेंदूतील दुखणे जाणवणारी यंत्रणाच हळवी होते. मग थोड्या कारणानेही डोके धरते. जागरण, उपाशी राहणे, उन्हात पाणी न पिणे, डोक्यावरची ओझी आणि काळजी या गोष्टी त्यात भर घालतात.

गोळीची मर्यादा

अधूनमधून डोके दुखले तर पॅरासिटामॉलची साधी गोळी चालते. पण आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागू लागली, तर दुखण्याचा मार्ग चुकला असे समजावे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि अनेक औषधे एकत्र केलेली गोळी १० दिवस किंवा जास्त, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते. गोळी उतरली की दुखते, दुखले की पुन्हा गोळी. हे रहाट थांबत नाही.

उसाचेच पाहा ना. पान पिवळे पडले म्हणून दर खेपेला युरिया टाकून भागत नाही. चुनखडीच्या रानात लोह मिळेना म्हणून केवडा पडला असेल तर हिराकस लागते. पाणी साचले असेल तर चर काढावा लागतो. हुमणी मुळाशी असेल तर युरियाचे पोते फुकट जाते. डोक्याचेही तसेच आहे.

आणखी तीन गोष्टी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर जठराला जखम होऊ शकते. घामाने अंग सुकलेले असताना त्या वरचेवर घेतल्या तर मूत्रपिंडाला धोका असतो. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. दुसरे, सर्दीच्या आणि डोकेदुखीच्या अशा दोन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉल असू शकते. नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते, आणि दारू पिणाऱ्याच्या यकृताला ती फार महागात पडते. तिसरे, झोपेची गोळी हा यावरचा उपाय नव्हे. तिची सवय जडते.

चिठ्ठीचे औषध

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांवर डोके दुखत असेल तर दुखणे जुनाट झाले. अशा वेळी डॉक्टर बहुधा अमिट्रिप्टिलीन देतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील लान्स व करन या डॉक्टरांनी जुनाट ताणाच्या डोकेदुखीत त्याचा उपयोग दाखवला. आजही त्याचा वापर आहे.

हे औषध मुळात उदासीनतेच्या आजाराचे. त्यामुळे कोणीतरी "ही तर वेड्याची गोळी" म्हणते आणि माणूस ती फेकून देतो. तसे करू नये. डोकेदुखीला मात्रा फार थोडी, बहुतेक वेळा रात्री १० मि.ग्रॅ. पासून सुरुवात, आणि डॉक्टर ती हळूहळू वाढवतात. हे औषध दुखले म्हणून घ्यायचे नसते. दुखू नये म्हणून रोज घ्यायचे असते. गुण यायला काही आठवडे लागतात. खोडव्याला आज खत घातले आणि उद्या फुटवे मोजले, असे होत नाही. तोंडाला कोरड, सुस्ती, मलावरोध, वजन वाढणे असे त्रास होऊ शकतात. सुस्ती असेपर्यंत ट्रॅक्टर चालवू नये. दारूबरोबर घेऊ नये. हृदयाचा आजार, काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. एकदम बंद करू नये, शेजाऱ्याला देऊ नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये.

रोजच्या दुकानच्या गोळ्यांची सवय सोडताना पहिले काही दिवस डोके जास्तच दुखते. ते अपेक्षित असते. म्हणूनच हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे.

नोंद ठेवा

लागणीची तारीख नोंदवल्याशिवाय तोडीचा क्रम लागत नाही. तसेच कॅलेंडरवर डोके दुखले त्या दिवशी फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी गोल करावा. झोप किती झाली, फवारणी केली का, तेही लिहावे. महिन्याचा तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला तर निदान लवकर होते. सोबत रक्तदाब व डोळे तपासून घ्यावेत. वेळेवर जेवण, भरपूर पाणी, मान-खांद्यांना गरम शेक व हलका व्यायाम चालू ठेवावा.

येथे थांबू नका

फवारणीनंतर डोके दुखून मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांना अंधारी आली तर ती विषबाधा समजावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी गोळी न देता कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यावरील लेबल घेऊन दवाखाना गाठावा. एकाएकी असह्य दुखणे, तापाबरोबर मान ताठ होणे, हात-पाय लुळे पडणे, बोबडी वळणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, यांतही घरी वेळ घालवू नये. अत्यवस्थ माणसासाठी १०८ ला फोन करावा.

काळजीच डोईजड झाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर घरच्यांना सांगावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. तोडीची अडचण असेल तर ती मनात न ठेवता गटकार्यालयात येऊन सांगावी. शेतकी खाते त्यासाठीच आहे.

ज्यांच्या खिशात गोळ्यांची पट्टी कायमची आहे, त्यांनी ती या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना नेऊन दाखवावी, ही विनंती.