एक घर सरकलेली सावली



वहीचे शेवटचे पान उरले आणि चित्रे मात्र दोन काढायची आहेत, असा प्रसंग तुमच्यावर आला असेल. अशीच अडचण एकदा एका संगणक-खेळाच्या कर्त्यापुढे उभी राहिली. तिच्यातून त्याने जी युक्ती काढली, ती दारव्ह्याच्या शाळेत बसून चौकटीच्या वहीवरही करून पाहता येते.

हा खेळ म्हणजे जॉर्डन मेकनर ह्यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. ‘ॲपल २’ ह्या संगणकासाठी तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. दुष्ट वजिराच्या कैदेतून राजकन्येला ६० मिनिटांत सोडवायचे, ही त्याची कथा. राजपुत्राची चाल खरी वाटावी म्हणून मेकनर ह्यांनी १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाचे धावणे आणि उड्या मारणे व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपले आणि त्यावरून एकेक चित्र गिरवून घेतले. पण ह्या चित्रांनीच संगणकाची तोकडी स्मृती भरून गेली. मग राजपुत्राला प्रतिस्पर्धी कोठून आणायचा?

उत्तर मिळाले गणितात. संगणक चित्र साठवतो ते ० आणि १ ह्या अंकांनी. चौकटीच्या वहीत आठ घरांची ओळ लिहा. तिच्याखाली तीच ओळ एक घर उजवीकडे सरकवून लिहा. आता वरखालचे अंक सारखे असतील तेथे ०, वेगळे असतील तेथे १ मांडा :

मूळ ओळ : ० ० १ १ १ १ ० ०
सरकलेली : ० ० ० १ १ १ १ ०
उत्तर : ० ० १ ० ० ० १ ०

पाहिलेत? मधला भाग नाहीसा झाला आणि कडा तेवढ्या उरल्या! ह्या क्रियेला ‘एक्स-ऑर’ म्हणतात. राजपुत्राच्याच चित्रांवर ती केल्याने एक झगझगती सावली तयार झाली. तिच्यासाठी वेगळी चित्रे साठवावी लागली नाहीत. खेळात ही सावली आरशातून बाहेर पडते. शेवटी तिच्यावर वार केला, तर जखम राजपुत्रालाच होते. तलवार म्यान केली, की दोघे एकरूप होतात.

ह्या मालिकेचा ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा भाग २००३ साली आला. त्यात खेळाडूला काळ थोडा मागे नेता येई. तो नव्याने घडविण्याचे काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील शाखांकडे असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पहिली दृश्ये पाहून चित्रांवर टीका झाली. प्रकाशन लांबले, २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियलला गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये ते रद्दच झाले. मात्र फ्रान्समधील शाखेने केलेला ‘द लॉस्ट क्राउन’ हा नवा भाग जानेवारी २०२४ मध्ये आला. त्यात राजवाडा पुन्हा पहिल्या खेळासारखा बाजूने दिसतो.

मूळ खेळाची आज्ञावली मात्र हरवल्यासारखीच होती. २०१२ मध्ये मेकनर ह्यांच्या वडिलांना जुन्या चकत्यांचा खोका सापडला. जाणकारांनी त्या वाचल्या आणि आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. चकत्या आणखी काही वर्षे पडून राहत्या, तर कदाचित कोणालाच वाचता आल्या नसत्या. केलेले काम जपून ठेवणे, हाही विज्ञानाचाच भाग आहे.

आता तुमची पाळी. ८ × ८ घरांत एक माणूस रेखाटा आणि त्याची सावली काढा. मग सावली तीच ठेवून ती दोन घरे सरकवली, तर काय होईल? आधी अंदाज लिहा, मग पडताळा. आणि हो, ती वही जपून ठेवा!