पाल जेवत नाही म्हणून लगेच ताट बदलू नकोस

अगं, सेकंड शिफ्ट संपवून चाकणहून येतेस, बस खंडोबा माळ चौकात सोडते, घरी पोचून आधी त्या काचेच्या पेटीत डोकावतेस आणि मग मला फोन लावतेस, "ताई, आज पण नाही खाल्लं तिनं!" चार अळ्या वाटीत तशाच वळवळतायत म्हणून तुझ्या घशाखाली घास उतरत नाही. आधी तू जेवून घे. तुझ्या अंगावर साठवण नाही, तिच्या शेपटीत आहे.

हे मी गमतीनं म्हणत नाहीये. लेपर्ड गेको म्हणजे आपल्या ट्यूबलाइटमागची पाल नव्हे. हिला पापण्या आहेत, पायांना चिकटायच्या गाद्या नाहीत, म्हणून भिंत चढता येत नाही. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि त्याला लागून असलेल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली ही जात. तिथे खाणं मिळेल तेव्हा खायचं आणि चरबी शेपटीत भरून ठेवायची. शेपूट मानेइतकी जाड असेल तर मोठी झालेली पाल दोन आठवडे न खाताही ठणठणीत राहते. पिल्लाचं तसं नाही, त्याला रोज लागतं. तुझी आता मोठी झालीय. तिला दिवसाआड, किंबहुना दोन दिवसांआड दिलं तरी पुरे. तू रोज वाटी भरतेस आणि ती रोज "नको" म्हणते, यात खोड तिची कमी आणि तुझी जास्त आहे.

आता तू मला विचारणार, दुसरं काय देऊ? थांब. आधी पेटीत हात घालून बघ, ऊब आहे का. या प्राण्यांना अन्न पचवायला बाहेरची उष्णता लागते. गरम बाजूची जमीन 31 ते 33 अंश हवी, थंड बाजू 25च्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत आकुर्डीत रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि तुझी पेटी खिडकीखाली! पोट गार असलेली पाल खात नाही, आणि नाही खात तेच बरं, कारण गार पोटात गेलेली अळी पचत नाही, नुसती पडून राहते. हीट मॅटला थर्मोस्टॅट लाव आणि त्याचा सेन्सर मॅटवर ठेव. काचेवर चिकटवलेल्या त्या गोल थर्मामीटरवर विश्वास ठेवू नकोस, तो हवा मोजतो, जमीन नाही. आणि गुरुवार लक्षात ठेव. देखभालीसाठी वीज जायची ती आपल्याकडे बहुधा गुरुवारी. बुधवारी रात्री तिला पोटभर वाढलंस आणि गुरुवारी दिवसभर मॅट बंद राहिली, तर शुक्रवारी ती तोंड फिरवणारच. त्यापेक्षा मंगळवारी दे. वीज फारच वेळ गेली तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीला बाहेरून लावून ठेव.

तुझ्या शिफ्टचं मात्र वाईट वाटून घेऊ नकोस. ही बया संध्याकाळनंतरच जागी होते, तू मध्यरात्री येतेस तेव्हा ती ऐन भरात असते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तू सकाळी सहाला, निघायच्या घाईत, लख्ख दिवा लावून तिला झोपेतून उठवून भरवायला गेलीस, तिथं बिघडलं. दिवा मंद ठेव. अळी चिमट्यात धरून तिच्या नाकासमोर नाही, थोडी बाजूला, जमिनीलगत हलव. जे हलतं तेच तिच्या लेखी अन्न. डोकं तिरपं करून तिनं शेपटीचं टोक थरथरवलं की समज, शिकार सुरू झाली. तेव्हा हात हलवायचा नाही आणि व्हिडिओसाठी फ्लॅश तर मुळीच मारायचा नाही.

बरं, आता वाटीतल्या त्या अळ्या, ते सुपरवर्म. अॅक्वेरियमवाल्यानं "मॅडम, हे सगळ्या पाली खातात" म्हणून डबा हातात दिला, हो ना? खातातच. वडापावही सगळी पोरं खातात. मोठाले, वळवळणारे, चरबीनं भरलेले. चार आठवडे तेच दिलं की पाल साध्या मिलवर्मकडे बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे, दहातल्या नऊ नखरेल पाली मालकांनी घडवलेल्या असतात. मेणअळ्यांचंही तेच, त्या औषधासारख्या ठेवायच्या, आजारानं वाळलेल्या पालीला अंगावर मांस चढेपर्यंत. रोजच्या जेवणाला रातकिडे आणि डुबिया झुरळं उत्तम, मिलवर्म मधूनमधून. रेशमाच्या कोवळ्या अळ्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, मऊ असतात आणि पाण्यानं भरलेल्या. किड्याचं माप एवढंच बघायचं, तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा तो रुंद नको.

सवय एका दिवसात मोडत नाही. सुपरवर्म पूर्ण बंद कर, चार-पाच दिवस काहीच देऊ नकोस, फक्त पाणी. मग एक मध्यम रातकिडा सोड. तो पळतो, उड्या मारतो, त्यानं तिची शिकारीची खुमखुमी जागी होते. नाही खाल्ला तर पंधरा-वीस मिनिटांनी काढून घे. रात्रभर आत राहिलेला भुकेला रातकिडा झोपलेल्या पालीला चावतो, बोटं आणि पापण्या कुरतडतो, हे विसरू नकोस.

आणि खरी मेख पुढेच आहे. तू पालीला काय घालतेस यापेक्षा किड्याला काय घालतेस ते मला सांग. दुकानातून आणलेला किडा बहुधा उपाशी असतो, म्हणजे नुसतं टरफल. द्यायच्या आधी एक-दोन दिवस त्याला चांगलं खाऊ घाल. गाजर, लाल भोपळा, आणि आपल्याकडे फुकट मिळणारा शेवग्याचा पाला, त्यात कॅल्शियम भरपूर. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. मिलवर्मला पशुखाद्याच्या दुकानातला गव्हाचा कोंडा घाल आणि पाण्याऐवजी गाजराची चकती ठेव, पाण्याच्या वाटीत ते बुडून मरतात.

इतकं करूनही किड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फारच कमी राहतं, पालीला हवं ते नेमकं उलट, कॅल्शियम दुप्पट. म्हणून देताना किडे एका पिशवीत घालून कॅल्शियम पावडरमध्ये घोळवायचे, करंज्यांना पिठी लावतो तितकं जाड नको, हलका पांढरा हात. साधी पावडर बहुतेक वेळा, डी3 जीवनसत्त्व असलेली आठवड्यातून एकदा. समुद्रफेन खरवडून पूड केली तर तीही चालते, पण तिच्यात डी3 नसतं. हे टाळलं की हाडं मऊ पडतात. जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, अंग थरथरतं, आणि मग बिचारी खायची थांबते ती नखऱ्यानं नाही, चावताच येत नाही म्हणून.

बाहेरचे किडे धरून आणायचे नाहीत, कितीही फुकट असले तरी. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं, पावसाळ्यात डासांसाठी धुरळणी होते, ते विष किड्यातून तिच्या पोटात जातं. आणि जूनमध्ये तुम्ही सगळे राजमाचीला काजवे बघायला जाता, तिथून बाटलीत एकही आणू नकोस. अमेरिकेतल्या काही काजव्यांच्या अंगात बेडकाच्या विषासारखं रसायन असतं, एखादा काजवा खाऊन पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन मेल्याचा शोधनिबंध 1999 साली प्रसिद्ध झाला. सह्याद्रीतले काजवे वेगळ्या जातीचे आहेत, पण तिच्यावर प्रयोग कशाला?

फ्रिजवरून सासूबाईंशी झालं ते ऐकलं. त्यांचं बरोबर आहे बाई, कोथिंबिरीशेजारी अळ्यांचा डबा कोणाला आवडेल? मिलवर्म गारव्यात सुस्तावतात आणि टिकतात, म्हणून लोक फ्रिजमध्ये ठेवतात, सुपरवर्म मात्र तिथं मरतात. तू थोडेथोडे आण आणि गॅलरीत सावलीत ठेव. चिमटा वेगळा, वाटी वेगळी, आणि पालीला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, साल्मोनेला लहान मुलांना लवकर लागतो. एवढं पाळलंस तर त्या पाच-सहा महिन्यांत निवळतील. ही जात पंधरा-वीस वर्षं जगते, तेव्हा घरात तह करण्यावाचून इलाज नाही.

कात टाकायच्या आधी रंग फिकट, दुधी होतो, तेव्हा ती दोन-चार दिवस खात नाही. कात टाकली की तीच खाऊन टाकते, घाबरू नकोस. अंडी पोटात असताना, जागा बदलल्यावर, थंडीतही भूक मरते. हे सगळं चालतं. चालत नाही ते असं: शेपूट काडीसारखी होत जाणं, शी पातळ आणि घाण वासाची, खाल्लेलं उलटून पडणं, किंवा वजन दहावा हिस्सा उतरणं. तेव्हा घरगुती उपाय नाही, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर शोधायचा, आधी फोन करून विचारायचं, आणि जाताना ताजी शी डबीत घेऊन जायची.

आणखी एक, तुझ्या कंपनीतला तो मुलगा घोरपडीचं पिल्लू देतो म्हणाला ना? स्पष्ट नाही सांग. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळणं गुन्हा. लेपर्ड गेकोच्या चुलत बहिणीही आपल्या महाराष्ट्रात खडकाळ माळावर राहतात, सातपुड्यातली एक तर 2014 साली शास्त्रात नोंदली गेली. त्यांनाही धरून आणायचं नाही. कोणाकडे पिल्लू असेल तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर कळव. इग्वानासारखी परदेशी पाल घेणाऱ्यालाही आता सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, 2022 सालच्या दुरुस्तीनंतर.

तर आता असं कर. पेटी खिडकीपासून हलव, जमिनीचं तापमान बघ, सुपरवर्मचा डबा मला आणून दे. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घे, वर प्लास्टिकचा डबा ठेवून शून्य कर आणि तिला त्यात बसव. मोठी मादी साधारण 45 ते 70 ग्रॅम भरते. दर रविवारी एकाच वेळी वजन करून आकडा कॅलेंडरवर लिही आणि मला पाठव. डॉक्टरांकडे जायचं की नाही, ते आपण त्यावर ठरवू.