तिथीची पाऊणपट : खाडीतल्या गळाच्या सहलींविषयी थोडेसे

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात भरती-ओहोटीला अडीच पाने दिलेली आहेत. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत आले की उधाणाची भरती, काटकोनात आले की भांगाची. वर्गात हे शिकताना मला गंमत वाटली, कारण 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द आमच्या घरी रोजच्या बोलण्यातले आहेत. माझे वडील कर्ली खाडीत मासे मारतात, आणि गेली काही वर्षे मुंबई-पुण्याच्या, कोल्हापूरच्या हौशी माणसांना होडीतून गळाच्या मासेमारीला नेतात. आमच्याकडे त्याला 'गरवूक जाणे' म्हणतात. गरी म्हणजे गळ. पाहुण्यांशी फोनवर बोलणे, त्यांच्या इंग्रजी-हिंदीचे मालवणी करणे आणि हिशेब ठेवणे हे माझे काम. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे असली कामे आपोआप माझ्याकडे आली. प्रस्तुत लेखात या धंद्यामागचे ज्ञान काय असते ते सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.

कर्ली सह्याद्रीकडून येऊन देवबागजवळ समुद्राला मिळते. मुखापाशी एका बाजूला देवबागची वाळूची चिंचोळी पट्टी, दुसऱ्या बाजूला भोगवे. आत शिरले की दोन्ही काठांना कांदळवन लागते : कांदळ, तिवर, चिपी. (यांतील पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला.) कांदळवनातून लहान लहान व्हाळ खाडीला येऊन मिळतात. भरतीचे पाणी मुळांत शिरते तेव्हा कोळंबी, बोय आणि लहानसहान मासळी त्याबरोबर आत जाते. ओहोटी, म्हणजे आमची 'सुकती', लागली की हे सारे व्हाळाच्या तोंडातून बाहेर यावे लागते. शिकारी मासे तेथेच प्रवाहाकडे तोंड करून वाट पाहतात. म्हणून गळ व्हाळाच्या तोंडावर नेमका टाकायचा नसतो. तो थोडा वर टाकून पाण्याबरोबर वाहत येऊ द्यायचा असतो. नवखा पाहुणा हे कधीच करीत नाही. महागाची काठी आणि रंगीत प्लास्टिकचा मासा घेऊन तो दिसेल त्या पाण्यावर मारीत सुटतो.

येथले मानाचे मासे दोन. तांबोसा मुळांत आणि खडकांत दबा धरतो आणि गळ गिळताच पुन्हा मुळांकडे धाव घेतो. पहिल्या चार-पाच क्षणांत त्याला ओढून बाहेर काढला नाही तर दोरी मुळांना गुंडाळून तुटलीच समजा. चोणक (रायगडकडे त्यालाच जिताडा म्हणतात) मोकळ्या पाण्यात लढतो, उड्या मारतो. त्याला दोरी सैल सोडून दमवावा लागतो. एकाला घट्ट, दुसऱ्याला सैल. हा फरक मी किती पाहुण्यांना समजावून सांगितला असेल त्याची गणती नाही. शेंगटीही गळाला लागते. तिच्या काट्याने हात सुजतो, म्हणून ती बाबाच सोडवतात.

आता वेळेचे गणित. बाबा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहतात आणि तिची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. पहाटेची आणि दुपारनंतरची, दोन्ही एकाच हिशेबात. पुस्तकाप्रमाणे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. पाऊणपटीत ४५ मिनिटेच धरली जातात, म्हणून पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाच्या वर चूक साठते. हे मी मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितले. त्यांनी मान हलवली. दशमीनंतर ते हिशेब सैल धरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पण खरी अद्दल मला एका त्रयोदशीला घडली. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भरती पूर्ण झाली होती. आम्ही दोन पाहुण्यांना घेऊन एका व्हाळात आत गेलो होतो. बाराच्या पुढे बाबा म्हणाले, "चला, आता भायर पडूया." पाहुण्यांना तांबोसे लागत होते. त्यांनी फोन काढला : ओहोटी चार वाजता. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, अजून चार तास आहेत, तुम्हीच सांगा. मी फोन पाहिला आणि बाबांना म्हणाले, "बाबा, चार वाजेपर्यंत पाणी आहे." शिकलेल्या मुलीचे म्हणणे आणि पैसे देणाऱ्या पाहुण्याचे म्हणणे एकच झाल्यावर बाबा गप्प बसले.

दीड वाजता होडी चिखलात बसली. भरती पुन्हा चढून होडी उचलली गेली तेव्हा साडेसहा झाले होते. पाच तास आम्ही उन्हात आणि मग डासांत बसून होतो. पाहुण्यांची गाडी चुकली, आणि त्यांनी पैसे निम्मेच दिले. बाबा त्यांना काही बोलले नाहीत. मलाही बोलले नाहीत, ते अधिक लागले.

चूक कोठे झाली हे नंतर पुस्तकावरून मी जुळवले. फोनवरची वेळ चुकीची नव्हती. पण ती वेळ समुद्राची होती, आणि व्हाळाचा तळ समुद्राच्या ओहोटीच्या पातळीहून पुष्कळ उंच असतो. समुद्र अजून उतरत असतानाच व्हाळ कोरडा पडतो. दुसरे असे की पाणी सहा तास सारख्या गतीने उतरत नाही. उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे बारा ते दोन या वेळात निम्मे पाणी निघून जाते. नेमके तेव्हाच आम्ही आत होतो. भरतीची छापील कोष्टके मुंबई, मुरगाव अशा बंदरांसाठी असतात, आमच्या व्हाळासाठी नसतात. त्यानंतर मी घरामागे खाडीत खुणा केलेला बांबू रोवला आणि महिनाभर वहीत नोंदी केल्या. मुखाशी भरती पूर्ण झाल्यावर आमच्याकडे पाणी अर्धा-पाऊण तास आणखी चढते, असे दिसले. बाबांच्या पाऊणपटीत हा उशीर आधीच मुरलेला असतो. ती वही आता होडीतच असते, पण बाबा ती अजून उघडीत नाहीत.

दुसरी गोष्ट माशाची. गेल्या हिवाळ्यात एका पाहुण्याने सातेक किलोचा चोणक काढला, फोटो घेतला आणि तो पाण्यात सोडून दिला. अशा हौशी लोकांचा तसा नेम असतो. सहलीचे आम्हाला साडेतीन हजार मिळाले. तो मासा बाजारात नेला असता तर चार हजारांच्या आसपास आले असते. आईने हा हिशेब ऐकला आणि म्हणाली, "पोटाक नाय, इकूक नाय, मगे गरवतत कित्याक?" तिच्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही. माशाच्या तोंडात गळ रुतवून त्याला दमवायचे आणि मग उदार होऊन सोडायचे, यात मलाही काही खटकतेच.

मात्र ग्रंथालयात वाचताना एक गोष्ट सापडली. चोणक बहुतेक नर म्हणूनच प्रौढ होतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे खाडीतले मोठे चोणक जवळजवळ सगळ्या माद्या. एक मोठा मासा नेला की हजारो नव्हे, लाखो अंडी गेली. अमेरिकेत लुइझियाना राज्याच्या खाऱ्या दलदलींत असाच वाटाड्यांचा धंदा मोठा आहे. तेथे 'रेडफिश' या माशाबाबत २०२४ पासून नियम आहे : १८ इंचांहून लहान ठेवायचा नाही, आणि २७ इंचांहून मोठाही ठेवायचा नाही. आपल्याकडे राज्य शासनाने २०२३ मध्ये अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पण मोठ्या माशाला सोडा, असे सांगणारा नियम माझ्या वाचनात आला नाही.

हे सारे मी रात्री जेवताना बाबांना सांगितले. ते काटा काढीत होते. म्हणाले, "माका ल्हान चोणकात कधी गाबोळी गावली नाय गो. मोठ्यातच गावता. ह्यां तुज्या पुस्तकात आता इलां?"

आई हसली. मी मात्र विचारले, मग इतकी वर्षे मोठे चोणक का विकलेत? बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, "तुजी फी खयसून भरलंय?"

त्यानंतर आमच्या होडीवर एक नियम झाला आहे. बोटांपासून खांद्यापर्यंतच्या हाताहून लांब चोणक परत पाण्यात जातो, मग पाहुणा काहीही म्हणो. सहलीचे पैसेही आम्ही थोडे वाढवले, आणि कारण मी फोनवरच सांगते. काही जण ते ऐकून दुसरी होडी शोधतात. जे येतात त्यांना मासा सोडायच्या आधी पाण्यातच धरून ठेवायला सांगते. प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः शेपटी मारीपर्यंत हात काढायचा नाही. फोटोसाठी त्याला होडीच्या फळीवर आपटला तर त्या सोडण्याला काही अर्थ नाही.

पावसाळ्यात पाहुणे येत नाहीत आणि बाबा खाडीत जाळे टाकतात. चोणकाच्या विणीचा काळही तोच. जाळ्यात मासा निवडता येत नाही, असे बाबांचे म्हणणे. जाळ्यात जिवंत सापडला तर सोडता येतो, असे माझे. या आषाढात दोन सोडले, तीन विकले. वहीत दोन्ही आकडे मीच लिहिले आहेत.