मुले, इंटरनेट आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या आणि पाटी-पुस्तकांची जागा अल्पावधीतच मोबाइलने घेतली. पुढे शाळा भरू लागल्या. मोबाइल मात्र मुलांच्या हाती राहिला. गृहपाठ त्यावर येतो, शिक्षकांच्या सूचना त्यावर येतात, करमणूकही त्याच्याच द्वारे होते. तेव्हा मुलांना इंटरनेटपासून सर्वस्वी दूर ठेवावे, हा उपदेश आता व्यवहार्य राहिलेला नाही. ह्या वाटेने घरात कोण येऊ शकतो, आणि आल्यास काय करावयाचे, हाच खरा प्रश्न होय.

पूर्वी अपरिचित माणूस घरी आला, तर त्यास प्रथम ओसरीवरील मंडळींच्या नजरेखालून जावे लागे. इंटरनेटला ओसरी नाही. बारा वर्षांचा मुलगा मोबाइलवर सांघिक खेळ खेळत असता दुसरा खेळाडू ‘मी चौदा वर्षांचा आहे’ असे सांगतो. ते खरे की खोटे, हे पडताळण्याचे साधन मुलाजवळ नसते.

अशा परिचयाचा क्रम बहुधा ठराविक असतो. प्रारंभी तो खेळात साहाय्य करतो, खेळातील एखादी वस्तू भेट देतो. मग स्तुती सुरू होते. पुढे संभाषण खेळातून काढून खाजगी संदेशांच्या ॲपवर नेले जाते आणि ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असे वचन घेतले जाते. त्यानंतर छायाचित्राची मागणी येते. नको तसले छायाचित्र एकदा हाती पडले, की गोड बोलणे संपते: आणखी चित्रे दे, पैसे दे, नाही तर हे तुझ्या वर्गातील सर्वांना पाठवितो. हा धोका केवळ मुलींनाच असतो, ही समजूत चुकीची आहे. पैशांसाठी धमकाविले जाणाऱ्यांत मुलगेही असतात. शिवाय हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने साध्या छायाचित्रापासून अश्लील चित्र बनविता येते. म्हणजे मुलाने काहीही पाठविले नसतानाही त्याला धमकी येऊ शकते.

गुन्हेगाराचे सर्व बळ मुलाच्या मौनात असते. मूल का बोलत नाही? लाज असते हे खरे. पण त्याहून साधे कारण असे, की घरी कळले तर मोबाइल काढून घेतला जाईल व मार बसेल, असे त्यास वाटते. म्हणून ‘काहीही घडले तरी आम्हांस सांग, मोबाइल जाणार नाही’ हे आश्वासन पालकांनी संकट येण्यापूर्वीच द्यावयास हवे, आणि संकट आल्यावर ते पाळावयास हवे. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. संतापलेला पिता प्रथम मोबाइल हिसकावतो आणि सारे संभाषण पुसून टाकतो. त्यासरशी पुरावाही नष्ट होतो. वास्तविक पैसे देऊ नयेत, उत्तरे देणे थांबवावे, खात्याचे नाव व संभाषण जसेच्या तसे राखावे आणि तो मोबाइलच पोलिसांना दाखवावा. मुलाचे चित्र नातेवाइकांना वा शाळेच्या गटावर ‘पाहा काय झाले’ म्हणून मुळीच पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमानुसार बालकांचे अश्लील चित्र प्रसारित करणे हा अपराध असून, पहिल्याच दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एकदा पसरलेले चित्र परत घेता येत नाही, असे मुलांस सांगितले जाते. हे सर्वस्वी खरे नाही, आणि ह्या ठिकाणी विज्ञानाचे साहाय्य होते. संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे अंकांची एक लांबलचक माला होय. त्या मालेवर ठराविक गणिती क्रिया केली असता एक लहानशी सांकेतिक संख्या निघते; तिला ‘हॅश’ म्हणतात. बोटाचा ठसा पाहून माणसाचा चेहरा दिसत नाही, परंतु दुसऱ्या ठशाशी ताडून माणूस ओळखता येतो. तसेच हॅशचे आहे. साध्या हॅशमध्ये एक उणीव असते: चित्रातील एक बिंदू बदलला, तरी संख्या बदलते. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनी व डार्टमथ महाविद्यालयातील हॅनी फरीद ह्यांनी तयार केलेली ‘फोटोडीएनए’ पद्धती चित्राचा आकार किंवा रंग थोडासा बदलला तरी त्यास ओळखते. फेब्रुवारी २०२३ पासून अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा चालविली आहे. तीत चित्र मोबाइलबाहेर जातच नाही. केवळ त्याचा हॅश सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि त्या आपापल्या ठिकाणी ते चित्र शोधून काढून टाकू शकतात. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच्या चित्रासाठी कोणालाही तिचा उपयोग करता येतो. सहभागी नसलेल्या कंपन्यांपुढे मात्र तिचा इलाज चालत नाही, आणि कूटबद्ध खाजगी संदेशांतील चित्र तिच्या आवाक्याबाहेर राहते.

शाळांचे कर्तव्य कायद्यानेच ठरविले आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा ‘पॉक्सो’ ह्या नावाने ओळखला जातो. त्याच्या १९ व्या कलमानुसार असा अपराध घडल्याचे ज्यास कळेल, त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे. शाळेची अपकीर्ती नको म्हणून प्रकरण मुख्याध्यापकांच्या खोलीतच मिटविण्याची मुभा कोणासही नाही. बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे; पैसे गेले असल्यास १९३० वर त्वरित कळवावे. गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांच्या अश्लील चित्रांविषयीची तक्रार स्वतःचे नाव न देताही नोंदविता येते.

उरली खात्यांची गोष्ट. बहुतेक ॲपवरील तेरा वर्षांची अट ही अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यामुळे आलेली आहे. तेराव्या वर्षी मूल शहाणे होते, असा तिचा अर्थ नव्हे. आपल्याकडे अनेक घरांत एकच मोबाइल असतो व मूल वडिलांच्याच खात्यावर खेळते. कंपनीच्या दृष्टीने तो खेळाडू चाळीस वर्षांचा पुरुष असतो. अनोळखी प्रौढांचे संदेश अडविणे, खाते खाजगी ठेवणे ही बालकांसाठीची संरक्षणे अशा वेळी लागूच होत नाहीत. जन्मतारीख खोटी लिहून मुलाचे वेगळे खाते उघडले, तरी परिणाम तोच होतो.