दुर्बिणीची तपासणी आणि मेडिकलच्या गोळ्या

पोटात दुर्बीण घालायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, दुखेल का? दुसरा, खर्च किती? घरात रोज चालू असलेल्या गोळ्यांचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेली गोळी आपण औषधात धरतच नाही. डॉक्टरांनी "काही औषध चालू आहे का?" विचारलं की आपण "नाही" म्हणून मोकळे होतो.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींचं असंच झालं. चार घरची धुणीभांडी करतात. दोन वर्षं पोटात जळजळ. रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी, गुडघे दुखले की दुखण्याची गोळी. तीन आठवड्यांनी दुर्बिणीचा नंबर लागला, कामाचा खाडा झाला, आणि त्या सकाळीही मावशींनी नेमाने पित्ताची गोळी घेतली. जठराला सूज दिसली, पण जंतूची तपासणी "नाही" अशी आली. डॉक्टरांनी पुन्हा खोदून विचारलं, तेव्हा पिशवीतून गोळ्यांची पट्टी निघाली.

हे नीट समजून घेऊ. जठराचा व्रण, म्हणजे अल्सर, बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूमुळे होतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 साली तो शोधला. लोकांना पटेना, म्हणून मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन स्वतःच्याच जठराला सूज आणून दाखवली! 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. दुर्बिणीतून जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा काढतात आणि तो एका पिवळ्या औषधात ठेवतात. जंतू असेल तर रंग गुलाबी होतो. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल यांसारख्या पित्ताच्या गोळ्यांनी जंतू मरत नाही, पण त्यांची संख्या घटते. मग रंग बदलत नाही, आणि जंतू पोटात असूनही कागदावर "नाही" लिहिलं जातं. म्हणून ही तपासणी करायची असेल तर या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असाव्या लागतात. गोळी थांबवल्यावर काही दिवस जळजळ उलट वाढते. तेव्हा काय घेता येईल, ते डॉक्टरांनाच विचारा. पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल, तर ही गोळीसुद्धा आपल्या मनाने थांबवू नका.

पित्ताचं पातळ गुलाबी औषधही तपासणीच्या सकाळी नको. ते आतून थर धरतं आणि खालचं अस्तर झाकून टाकतं. त्याच सकाळी मिश्री लावणं, तंबाखू, चहा हेही नको. मिश्री काही पोटात जात नाही, असं आया-बहिणी म्हणतात, थुंकीबरोबर जाते.

मोठ्या आतड्याची दुर्बीण असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आतडं धुतल्यासारखं स्वच्छ लागतं. आशाताईंनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्यांनी शौच काळी आणि चिकट होते, जुलाबाचं औषध घेऊनही ती आतड्याला चिकटून राहते आणि तिच्याखाली लहानशी गाठ लपू शकते. या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. लोहभस्म असलेली आयुर्वेदिक औषधंही यातच धरा. इसबगोल काही दिवस आधी बंद. आदल्या दिवशी लाल सरबत पिऊ नका, आत ते रक्तासारखं दिसतं.

आता दुखण्याच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी जठराला व्रण पडतो. मावशींच्या दुखण्यात त्यांचाही वाटा असू शकतो, म्हणून डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे. आतड्यातली गाठ काढायची असेल तर रक्तस्रावाचाही विचार करावा लागतो. पण हृदयासाठी किंवा स्टेंट टाकल्यावर दिलेली अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी ऐकीव माहितीवर बंद करू नका. त्यात जीव जाऊ शकतो. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचंही आधी विचारून घ्या, कारण उपाशीपोटी साखरेची गोळी घेतली तर चक्कर येऊन पडाल.

झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर खोकल्याचं औषध, सर्दी-खाजेची गोळी आणि दारू, तिन्ही खरं सांगा. दारूचं सांगताना घरची माणसं बाजूला बसलेली असतात, म्हणून पुरुष गप्प राहतात. अशा वेळी डॉक्टरांना एकटं भेटू द्या म्हणावं.

नावं पाठ नसतात, इंग्रजी वाचता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तारीख मिळेल त्याच दिवशी घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, चूर्णाच्या पुड्या एका पिशवीत भरून केसपेपरसोबत दाखवा. कोणती गोळी किती दिवस आधी बंद करायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, ते केसपेपरवरच लिहून मागा.

मावशींनी तेच केलं. दोन आठवडे गोळी बंद ठेवून पुन्हा गेल्या, आणखी एक खाडा पडला. या वेळी रंग गुलाबी झाला. आता चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स चालू आहे.